भूमीच्या पुनरुज्जीवनाचे अध्यापकपद

शेतकीच्या विद्यालयांत अध्यापकांची वानवा नसते. पिकांचा अध्यापक असतो, कीटकांचा असतो, जनावरांच्या रोगांचा असतो, हिशेबाचा व बाजारपेठेचाही असतो. हे सर्व अध्यापक एक गोष्ट गृहीत धरूनच आपल्या विद्येस आरंभ करितात. ती ही की, पायाखालची जमीन जागेवर आहे. परंतु जिची माती ओढ्याने वाहून नेली, जिच्या माळावरचे गवत मुळासकट खाल्ले गेले, जिच्या खाजणात भराव पडला, त्या जमिनीस पुन्हा उभी करण्याची विद्या कोणी शिकवावी? या विद्येस अलीकडे संवर्धन व पुनरुज्जीवन परिसरशास्त्र असे नाव मिळाले असून अनेक देशांतील विद्यापीठांत तिच्यासाठी स्वतंत्र अध्यापक नेमण्यात येतात. नाव नवे असले तरी विषय शेतकऱ्यास परका नाही. म्हणून अशा एका अध्यापकपदाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो. असे पद कशाने सफळ होते आणि कशावाचून ते नुसती खुर्ची होऊन बसते, हे त्या हकीकतीवरून ध्यानात येईल.

पदाचा उगम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्कॉन्सिन नावाचे एक संस्थान आहे. इ. स. १८४० च्या सुमारास तेथे गोरे वसाहतवाले येऊ लागले, तेव्हा त्याच्या दक्षिण भागात दूरवर गवताची मैदाने पसरलेली होती. या मैदानांस तिकडे प्रेअरी म्हणतात. पोलादी नांगराने ती फोडली गेली व तेथे गव्हावर गहू घेण्यात आला. काही दशकांत जमीन थकली, गव्हावर किडी पडू लागल्या, आणि लोक दुभत्या गाईंकडे वळले. उत्तरेकडची जंगले कुऱ्हाडीने संपविली, व उतारांवरची माती पावसाबरोबर ओढ्यांत गेली. मूळच्या प्रेअरीपैकी शंभरात एक भागही आज तेथे शिल्लक नाही.

त्या संस्थानाच्या मॅडिसन येथील विद्यापीठाने १९३३ साली एक नवे अध्यापकपद निर्माण केले व त्यावर आल्डो लिओपोल्ड यांची नेमणूक केली. पदाचे नाव वन्यप्राणी-व्यवस्थापन असे होते, आणि त्या विषयाचे त्या देशातील हे पहिलेच पद होय. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, हे पद प्राणिशास्त्राच्या शाखेत न ठेविता शेतकी अर्थशास्त्राच्या शाखेत ठेविले गेले. कारण रानातील पशुपक्ष्यांचे बरेवाईट शेवटी शेतकऱ्याच्या हाती आहे, हे तेथील धुरीणांनी ओळखले होते. दुसरी गोष्ट पैशाची. या पदाचा खर्च ज्या निधीतून निघाला, तो निधी त्याच विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांच्या शोधाच्या हक्कांतून उभा राहिलेला होता. अन्नावर विशिष्ट किरण सोडले असता त्यात ड जीवनसत्त्व उत्पन्न होते, असा तो शोध. प्रयोगशाळेतील विद्येने मिळविलेला पैसा अशा रीतीने शेतावरील विद्येच्या कामी आला.

लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ सालचा. १९०९ साली वनविद्येची पदवी घेऊन ते सरकारी वनखात्यात शिरले व नैर्ऋत्येकडील ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या कोरड्या मुलुखात अनेक वर्षे हिंडले. अति चराईने नदीकाठ कसे ढासळतात, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. डॉक्टरची पदवी त्यांजपाशी नव्हती. तथापि चोवीस वर्षांचा रानातील अनुभव व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला वन्यप्राणी-व्यवस्थापनावरील जाडजूड ग्रंथ, एवढी शिदोरी घेऊन ते अध्यापक झाले.

शेतकरी हाच विद्यार्थी

नेमणूक होताच प्राध्यापकमहाशय विद्यापीठाच्या आवारात बसून राहिले नाहीत. हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जे आखूड मुदतीचे वर्ग भरत, त्यांत ते शिकवीत. विद्यापीठाच्या नभोवाणीवरून ते शेतकऱ्यांशी बोलत. १९३८ पासून १९४२ पर्यंत त्यांनी तिकडच्या एका शेतकी नियतकालिकात लहान लहान लेख लिहिले. कुंपणाच्या कडेला झुडूप राखल्यास कोणते पक्षी येतात, लाकूडफाट्याचे रान गुरांना मोकळे सोडल्यास नवी रोपे का उगवत नाहीत, अशा घरगुती विषयांवर ते लेख असत.

याच सुमारास, म्हणजे १९३३ साली, विस्कॉन्सिनच्या कून व्हॅली या खोऱ्यात मृद्संधारणाचे एक मोठे काम सुरू झाले. सुमारे ९२,००० एकरांचे हे पाणलोट क्षेत्र. तेथे नांगरट सरळ उताराने होत असे व गुरे उभ्या चढणीवरच्या रानात चरत. त्यामुळे दर पावसात घळी रुंदावत होत्या. सरकारी खाते, विद्यापीठ व शेतकरी यांनी मिळून उपाय योजले. चढणीवरील रान कुंपण घालून गुरांस बंद केले. मधल्या उतारावर समपातळीत नांगरट करून पट्टापेर पद्धतीने एक पट्टा धान्याचा व एक पट्टा वैरणीचा ठेविला. घळींस बांध घातले. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी पाच पाच वर्षांचे करार केले. लिओपोल्ड यांनी या कामात सल्ला दिला आणि त्यावर लेख लिहून मुख्य मुद्दा मांडिला तो असा की, माती, पाणी, रान, पशुपक्षी व पीक यांचा विचार वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळा न करिता त्याच एका शेतावर एकत्र झाला पाहिजे. पुढे स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलज्ञांनी या खोऱ्यातील गाळाची मोजणी केली. तीवरून १९३० नंतरच्या दशकांत उतारांवरून वाहून येणारी माती पुष्कळच घटली, असे दिसून आले.

अध्यापकाची जमीन

आता या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग सांगावयाचा. मॅडिसन शहराच्या कडेला विंग्रा नावाचे सरोवर आहे. मंदीच्या काळात त्याच्या काठची थकलेली शेते व चराईची रिकामी कुरणे विद्यापीठाने मिळविली, आणि १७ जून १९३४ रोजी तेथे वनस्पती-उद्यानाचे उद्घाटन झाले. देशोदेशीची शोभिवंत झाडे रांगेने लावावी, ही अशा उद्यानांची रूढ रीत. लिओपोल्ड व त्यांचे सहकारी यांनी निराळा संकल्प सोडला. वसाहतवाले आले तेव्हा ही भूमी जशी होती, तिचा एक नमुना येथे पुन्हा उभा करावा, म्हणजे आपण काय गमाविले हे पुढच्या पिढीस मोजता येईल, असा तो संकल्प होता.

याकरिता घोड्यांच्या एका जुन्या कुरणाची निवड झाली. १९३५ ते १९४१ पर्यंत बेकार तरुणांच्या सरकारी श्रमदलाची छावणी तेथे होती. थिओडोर स्पेरी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली या तरुणांनी दूरदूरच्या रेल्वेकडांवरून व कोपऱ्यांत उरलेल्या तुकड्यांवरून प्रेअरीचे बी गोळा केले, मुळांसकट गवताचे ढेकूळ गाड्यांतून आणिले व हाताने लाविले. तथापि केंटकी ब्ल्यूग्रास नावाचे कुरणाचे गवत हटेना. परदेशातून आलेल्या या गवताने जमिनीवर अशी घट्ट चटई विणली होती की, नव्या रोपास शिरकावच मिळू नये.

तेव्हा जॉन कर्टिस या अध्यापकांनी अग्नीचा प्रयोग मांडिला. प्रेअरीवर पूर्वी विजेने व हो-चंक आदी मूळ रहिवाशांच्या हाताने वेळोवेळी आग लागत असे, हे त्यांस ठाऊक होते. कुरणाचे काही तुकडे वेगवेगळ्या हंगामात जाळण्यात आले, काही तसेच ठेविले, आणि प्रत्येकाची नोंद ठेवून १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कारणमीमांसा शेतकऱ्यास सहज पटण्याजोगी आहे. ब्ल्यूग्रास हे थंडीचे गवत असल्यामुळे वसंताच्या आरंभीच त्यास कोंब फुटतात. प्रेअरीचे गवत उन्हाळी असून त्याची खोल मुळे त्या वेळी निजलेली असतात. नेमक्या त्या दिवसांत आग दिली असता तणाचे कोवळे कोंब करपतात, मूळ गवतास इजा होत नाही, आणि राखेने काळी पडलेली जमीन लवकर तापल्यामुळे त्याची वाढ उलट जोराने होते. तेव्हापासून ठरावीक वेळी व ठरावीक बंदोबस्ताने आग देणे हे तेथील कामाचे अंगच झाले आहे. सुमारे ७० एकरांचे ते कुरण आज कर्टिस प्रेअरी या नावाने ओळखले जाते, व अशा रीतीने पुन्हा उभ्या केलेल्या प्रेअरींत ते सर्वांत जुने गणले जाते.

लिओपोल्ड यांनी स्वतःसाठीही अशीच जमीन निवडली. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठचे एक सोडून दिलेले वाळूसर शेत विकत घेतले. त्यावरची शाबूत वास्तू म्हणजे कोंबड्यांचे एक खुराडे. तेच दुरुस्त करून सुट्टीच्या दिवशी ते सहकुटुंब तेथे राहात व देवदाराच्या जातीची झाडे लावीत. १९३६ च्या अवर्षणात पहिली लागवड जवळजवळ सगळी वाळून गेली. पुढल्या वर्षी त्यांनी पुन्हा लाविली, आणि असे करीत हजारो झाडे उभी केली. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतात लागलेली गवताची आग विझविण्यास ते धावले असता हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. त्या शेतावरील अनुभवांचे त्यांचे पुस्तक दुसऱ्या वर्षी, १९४९ साली, प्रसिद्ध झाले व जगभर वाचले गेले.

त्याच गादीवर दुसरी पिढी

याच विद्यापीठाने पुढे पुनरुज्जीवन परिसरशास्त्राचे स्वतंत्र पद लिओपोल्ड यांच्या नावाने स्थापिले, व १९९८ साली त्यावर जॉय झेडलर या विदुषींची नेमणूक केली. वनस्पती-उद्यानातील संशोधनाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. झेडलरबाई तत्पूर्वी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे समुद्रकाठच्या खाजणांवर काम करीत होत्या. तेथील एक प्रकरण आमच्या वाचकांस फार बोधप्रद वाटेल.

तेथे मोठा रस्ता रुंद करण्याच्या कामी खाजणाची हानी होणार होती. तिची भरपाई म्हणून दुसरीकडे नवे खाजण तयार करून द्यावे, अशी अट पडली; कारण त्या खाजणांत पाणकोंबडीच्या कुळातील एक दुर्मिळ पक्षी राहात असे. भरावाची जागा खणून भरतीचे पाणी आत घेतले व कॉर्डग्रास नावाचे खाजणी गवत लाविले. गवत हिरवे झाले, कागदावर खाजण पुरे झाले. पक्षी मात्र तेथे घरटे करीना. शोध घेता असे आढळले की, या पक्ष्याचे घरटे भरतीबरोबर वर उचलले जाते, आणि ते वाहून जाऊ नये व घारी-ससाण्यांस दिसू नये, यासाठी सभोवतालचे गवत दाट व हातभराहून उंच असावे लागते. नव्या खाजणातील गवत खुजे राहिले होते.

गवत खुजे का राहिले? कारण माती. ती समुद्रतळाची उपसलेली वाळू होती. तीत सेंद्रिय द्रव्य नव्हते, म्हणून नत्र टिकत नव्हते. नत्रखत घातले तेव्हा गवत उंच झाले, परंतु खत बंद होताच ते पूर्ववत खुजे झाले. शिवाय खुज्या गवतावर खवले कीड माजली. त्या किडीस खाणारा ढालकिडा उंच गवतात आश्रय घेतो, व तेथे त्याला आश्रयच नव्हता. बारा वर्षे नोंदी ठेवूनही ते खाजण मूळ खाजणाच्या वाटेस लागल्याचे दिसेना. झेडलरबाई व त्यांचे सहकारी यांनी हे अपयश जसेच्या तसे छापून प्रसिद्ध केले. शंभर यशस्वी अहवालांपेक्षा हा एक अहवाल अधिक उपयोगी पडला. कारण जमिनीवर हिरवे दिसले म्हणजे जमीन सुधारली, ही समजूत त्याने मोडली.

म्हणून पुढील खाजणे त्यांनी शेतकी प्रयोगाच्या वाफ्यांप्रमाणे आखली. टिहुआना नदीच्या मुखाशी एका नव्या खाजणात आठ वनस्पतींपैकी काही वाफ्यांत एक, काहींत तीन व काहींत सहा जाती लाविल्या, काही वाफे मोकळे ठेविले. अधिक जातींच्या वाफ्यांत वाढ अधिक झाली व नत्राचा साठाही अधिक आढळला. काम करावे ते अशा रीतीने की, त्यातून शिकता यावे, आणि शिकलेले पुढच्या कामात घालावे, असे या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप होय.

मॅडिसन येथे आल्यावर त्यांच्यापुढे दुसरेच संकट उभे होते. उद्यानाभोवती शहर वाढले होते, व छपरांचे आणि रस्त्यांचे पाणी पावसाळी गटारांतून प्रेअरीत शिरत होते. हेन्री ग्रीन यांनी १९४० नंतर मोठ्या कष्टाने लाविलेल्या ग्रीन प्रेअरीचा काही भाग या पाण्यामुळे रीड कॅनरी ग्रास या गवताने गिळला. हेच गवत एके काळी वैरणीसाठी व माती धरण्यासाठी मुद्दाम लाविले जात असे! यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, पुनरुज्जीवनाचे काम कधी संपत नाही. दुसरी, बांधाच्या आतील जमीन कितीही जपली तरी बांधापलीकडचे पाणी आवरले नाही तर श्रम वाया जातात.

आजची स्थिती

आज या विद्येस बरे दिवस आले आहेत. १९८८ साली या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनास अर्पण केले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथे झालेल्या परिषदेत, २०३० पर्यंत बिघडलेल्या क्षेत्रापैकी निदान शेकडा ३० क्षेत्र पुनरुज्जीवनाच्या कामाखाली आणावे, असे राष्ट्रांनी ठरविले. पैसा येईल, आकडे ठरतील. परंतु काम जाणणारी माणसे कोठून येणार? ती अध्यापकांनी घडवावयाची आहेत. म्हणूनच हे अध्यापकपद हा केवळ विद्यापीठाच्या अंतर्गत कारभाराचा प्रश्न नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील विचार

आपल्याकडे मातीची काळजी अगदीच कोणी वाहिली नाही, असे नाही. लिओपोल्ड यांची नेमणूक झाली त्याच १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले होते. पुढे राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे निघाली व त्यांत मृद्संधारण शिकविले जाते. परंतु पिकाखालच्या जमिनीपलीकडे आपले माळ, गायराने, ओढ्यांचे काठ व खाजणे आहेत. २०१७ पासून तीन वर्षांत महाराष्ट्रात ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला होता. झाडे लावणे पुण्यकर्म खरेच; तथापि कोणत्या माळावर झाड लावू नये, हे सांगणाराही कोणी हवा. सोलापूरजवळील नान्नजच्या माळाचेच पाहा. १९७९ साली ज्या माळढोकासाठी अभयारण्य झाले, तो उघड्या गवतावर राहणारा पक्षी आहे. झाडांच्या दाटीत तो राहात नाही. जो माळ आपण ओसाड म्हणतो, त्यावर मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही गवते असतात, आणि मेंढ्यांचे कळप त्यावर जगतात. विशेष म्हणजे मारवेल व कुसळी, आपली ज्वारी व ऊस, आणि विस्कॉन्सिनच्या प्रेअरीवरचे उंच बिग ब्ल्यूस्टेम गवत, ही सर्व वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गोत्रातील आहेत.

मात्र वरील हकीकत वाचून कोणी आपला माळ पेटवू नये. तिकडे आग उपयोगी पडली, कारण तण आधी उगवत होते व मूळ गवत मागाहून. आपल्याकडे गवत व तण दोन्हीही पहिल्या पावसाबरोबरच उठतात. उन्हाळ्यात जाळलेल्या उघड्या माळावर वळवाची सर आली म्हणजे माती धुऊन जाते. परक्या देशाचा उपाय उचलावयाचा नसतो. तो उपाय त्यांनी ज्या रीतीने शोधिला, ती रीत उचलावयाची असते.

तेव्हा आपल्याकडे असे पद जेथे निर्माण होईल, तेथे शेतकरी मंडळींनी व त्यांच्या संस्थांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, या अध्यापकास बिघडलेली जमीन किती एकर दिली आहे? जमिनीवाचून ही विद्या म्हणजे पाण्यावाचून पोहणे. दुसरा, त्याच्या प्रयोगास किती वर्षांची हमी आहे? कर्टिस प्रेअरीस नव्वद वर्षे होत आली; आपल्याकडे तीन वर्षांची योजना संपली म्हणजे कुंपणही निघते. तिसरा, तो शेतकऱ्यांस, मेंढपाळांस व कोळ्यांस शिकविणार की केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांस? माळाचा इतिहास ज्या धनगराच्या वृद्ध वडिलांस ठाऊक आहे, त्यांच्यापाशी बसून शिकण्याची त्याची तयारी आहे काय? आणि चौथा, जे जमले नाही ते तो छापून प्रसिद्ध करील काय? हा चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. खात्यांस यश दाखविण्याची सवय असते, आणि अपयशाची नोंद नसल्यामुळे तीच चूक तालुक्यातालुक्यांतून पुन्हा होते.

या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर अशा पदासाठी गायरानाचा एखादा झिजलेला तुकडा ग्रामपंचायतीने आनंदाने वीस-तीस वर्षांच्या बोलीने द्यावा, अशी आमची सूचना आहे. त्याच्या एका भागात चराईबंदी असावी, दुसऱ्यात पाळीपाळीने चराई, तिसऱ्यात मारवेलचे बी, आणि चौथा होता तसाच ठेवावा. दर वर्षी दिवाळीपूर्वी गवताचे वजन गावासमोर व्हावे व आकडा चावडीवर लिहावा. अध्यापक बदलतील, सरपंच बदलतील. फळ्यावरचे आकडे मात्र वर्षानुवर्षे वाढत जातील, आणि कोणता भाग उभा राहिला हे गावातल्या शाळेतील मुलासही सांगता येईल.